वाचकांचे प्रश्न : उतारवयातली मिशनसेवा

दोन महिन्यांपूर्वी याच पानावर निवृत्तीनंतरच्या दिवसांबद्दल लिहिताना लहानपणी पाहिलेल्या एका वयस्कर अमेरिकन मिशनरी जोडप्याचा उल्लेख आला होता. दोनच ओळी होत्या, पण त्यांवर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं पान त्याच विषयाला देते आहे. नव्या वाचकांना माझी ओळख एवढीच : वडील नगर जिल्ह्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते, बालपण मिशन कंपाउंडातल्या मास्तरांच्या चाळीत गेलं, पुढे मिरजेला नर्सिंग शिकले आणि निवृत्त होईपर्यंत तेच काम केलं.

प्रश्न : ताई, माझे सासरे वीज मंडळातून निवृत्त झाले, वय ६८. सासूबाई ६४, प्राथमिक शिक्षिका होत्या. आमच्या मंडळीतर्फे, म्हणजे चर्चतर्फे, नंदुरबार जिल्ह्यात आदिवासी मुलांचं बोर्डिंग चालतं. तिथे दोन वर्षं जाऊन राहायचं दोघांनी ठरवलंय. सासऱ्यांना बीपी आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. माझे यजमान रागावलेत. म्हणतात, "या वयात तिथे जाऊन करणार काय?" खरं सांगायचं तर मलाही तेच विचारायचंय. अशी वयस्कर माणसं तिथे दिवसभर करतात तरी काय? (एक सून, पुणे)

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण यजमानांचा राग तिथेच अडकलाय.

मी पाहिलं ते जोडपं पासष्टीच्या पुढचं होतं. साल साधारण १९५०च्या दशकाअखेरचं. तोवर मिशनचा कारभार इथल्या लोकांच्या हाती आला होता. शाळेला मराठी हेडमास्तर, मंडळीला मराठी पाळक (पाद्री), पैशाला कमिटी. म्हणजे साहेबांकडे अधिकाराचं असं काहीच उरलं नव्हतं. तरी त्या दोघांचा दिवस पहाटेपासून भरलेला असे, आणि मला तो जवळजवळ तासातासाने आठवतो.

साहेब उजाडताच विहिरीवर जायचे. पाणी किती पायऱ्या खाली गेलं ते बघायचं, कारण बोर्डिंगची साठ-सत्तर पोरं आणि कंपाउंडातली सगळी बिऱ्हाडं त्या एका विहिरीवर होती. आल्यावर माझ्या वडिलांना हाक मारून सांगायचे, "मास्तर, आणखी दोन पायऱ्या उघड्या पडल्या, पोरान्ला सांगा." त्यांची मराठी शिकलेल्या माणसाची नव्हती, गावाची होती. "व्हय", "कायला", "कवाशी" असं बोलायचे आणि कुणाला त्यात वेगळं वाटायचं नाही.

मडमसाहेब तोवर व्हरांड्यात बसलेल्या असत. त्या डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. पुढ्यात पत्र्याची एक पेटी. खरजेसाठी गंधकाचं मलम, डोळ्यांसाठी बोरिकचं पाणी, तोंड आलं की जांभळं औषध, जखमेला टिंक्चर आयोडीन. एवढ्यावर रोज सकाळी पंचवीस-तीस माणसं निघायची. जे त्या पेटीच्या आवाक्यातलं नाही ते त्या ओळखायच्या, आणि हे ओळखणं फार मोठं आहे, हे मला नर्स झाल्यावर कळलं. मग चिठ्ठी लिहून, एसटीचं भाडं हातावर ठेवून, नगरच्या दवाखान्यात धाडायच्या. चार दिवसांनी तो माणूस गेला का, काय झालं, याची चौकशी हटकून व्हायची. नसेल गेला तर संध्याकाळी दोघं त्याच्या घरी हजर.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला साहेबांचं टाइपरायटर. नगर जिल्ह्यातून किती माणसं फौजेत गेली हे तुम्हाला माहीत असेल. त्यांच्या विधवांची पेन्शनची कागदपत्रं, जमिनीच्या तक्रारी, मुलाच्या ट्रेनिंग कॉलेजचा अर्ज, मुंबईला गेलेल्या नवऱ्याला पत्र, सगळं तिथे लिहून मिळायचं. साहेब आधी सगळं ऐकून घेत. एक म्हातारी दर आठवड्याला येऊन तेच सांगायची आणि ते दर आठवड्याला तितक्याच लक्ष देऊन ऐकत. महिन्यातून एक पत्र ते आपल्या देशातल्या मंडळ्यांना पाठवत, कारण त्यांचा खर्च तिथल्या लोकांच्या वर्गणीतून यायचा.

दुपारी मडमसाहेब बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात. ज्वारी मापून घ्यायची, बायकांच्या पंक्तीत बसून निवडायची. मुलींची डोकी बघायची, नखं बघायची. चिंध्यांच्या गोधड्या शिवायला त्यांनीच बसवलं होतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई वारली. ती सुटी संपवून परत आली आणि बोलेचना. वर्गात नाही, जेवताना नाही. मडमसाहेबांनी तिला रोज दुपारी शाळेतून मागून घेतलं आणि स्वतःशेजारी सूप देऊन बसवलं. दोघी ज्वारी पाखडत, कुणी कुणाशी बोलत नसे. पंधरवड्याने तिने पहिलं वाक्य उच्चारलं ते खड्याबद्दल होतं, "मडमसाहेब, ह्यात लई खडं हाईत." ती आज नातवंडांची आजी आहे आणि ही हकिकत तिने मला स्वतः सांगितली, म्हणून लिहिते.

तर सूनबाई, तुमच्या यजमानांना सांगा, म्हातारी माणसं तिथे हे करतात. वॉर्डनला साठ मुलं, हजेरीपट, किराणा, सरकारी तपासणी आणि स्वतःचा संसार असतो. एका न बोलणाऱ्या मुलीजवळ पंधरा दिवस बसायला त्याच्यापाशी वेळ नसतो. तुमच्या सासूबाईंपाशी तो आहे, वर पहिली-दुसरीची मुलं हाताळण्याचा उभ्या आयुष्याचा सराव आहे. सासरे वीज मंडळातले, त्यांना बोर्डिंगचं वायरिंग बघायला लावा. जुन्या वसतिगृहांत ते बहुधा धोकादायकच असतं.

आता काळजीच्या गोष्टी. बीपीच्या गोळ्या दोन महिन्यांच्या बरोबर द्या आणि जवळचा दवाखाना कोणता, तिथे पोचायला पावसाळ्यात किती वेळ लागतो, हे आधी विचारून घ्या. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला जुनं मिशन हॉस्पिटल आहे. बोर्डिंग धडगाव-अक्कलकुवा भागात असेल तर मात्र अंतराचा हिशोब वेगळा, घाटातला रस्ता आहे. मच्छरदाणी न्यायचीच. गुडघ्यांसाठी कमोडची सोय आणि तळमजल्याची खोली, या दोन गोष्टींवर तडजोड करू नका. त्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. मूल सारखं अंगदुखी, सांधेदुखी सांगत असेल तर ते नाटक नसतं, हे दोघांना आधीच समजावा.

भाषा! मराठीवर भागेल असं समजून जाऊ नये. कुठे मावची, कुठे पावरी, कुठे भिलोरी. लहान मुलं शाळेत येईपर्यंत मराठी ऐकतही नाहीत. जायच्या आधी शंभर शब्द तरी तिथल्या कुणाकडून शिकून घ्यावेत. सासूबाई शिक्षिका आहेत, त्यांना याचं महत्त्व सांगावं लागणार नाही.

बोर्डिंग कायद्याप्रमाणे नोंदलेलं आहे ना, हे स्पष्ट विचारा. मुलांच्या सुरक्षेचे नियम लेखी मागा. मोठ्या माणसाने एकट्या मुलाला बंद खोलीत बसवायचं नाही, हा नियम आजी-आजोबांनाही लागू आहे आणि त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. पैशाच्या कपाटाची किल्ली सासऱ्यांनी घेऊ नये, कितीही आग्रह झाला तरी. आणि वॉर्डन वयाने मुलासारखा असला तरी तिथला प्रमुख तोच. निवृत्त माणसाला हे जड जातं. आमच्या साहेबांना हेडमास्तर आत आले की उठून उभं राहताना मी पाहिलंय, आणि ते हेडमास्तर त्यांच्याच शाळेतून शिकून गेलेले होते.

नोव्हेंबरातला पेन्शनचा हयातीचा दाखला आता फोनवर चेहरा दाखवून देता येतो, तेव्हा तेवढ्यासाठी पुण्याला यायला नको. पण मे महिन्यात बोर्डिंग रिकामं होतं, तेव्हा त्यांनी घरी यायचं हे आत्ताच ठरवा. शक्य असेल तर दोन वर्षांचा शब्द देण्यापूर्वी एक पावसाळी महिना राहून यावं. उन्हाळ्यात किंवा नाताळात पाहुणे म्हणून जाऊन काही कळत नाही.

आणि एक गोष्ट दोघांना वेगवेगळं बसवून विचारा : तुम्हाला स्वतःला जायचंय का? दोघांपैकी एकाला हाक आली आणि दुसरं मागून गेलं, असं फार वेळा होतं. मागून जाणारी बहुतेक वेळा बाई असते. पुढचं पत्र त्याबद्दलच आहे.

प्रश्न : मी इतिहासात एम.ए. करते आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या अहवालांत पुरुषाचं नाव, काम, दौरे सगळं सविस्तर असतं आणि बायकोचा उल्लेख नवऱ्याच्या नावाने एका शब्दात संपतो. या बायका नेमकं काय करत? त्यांचं काम शोधायचं कुठे? (विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तुझा प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले आणि या मिशनची सुरुवात झाली, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. नॉट यांच्याबरोबर त्यांची पत्नी रोक्साना होती, हे वाक्य क्वचित वाचायला मिळतं. बोस्टनच्या ज्या मंडळाने त्यांना पाठवलं त्याच्या नोंदींत मिशनऱ्याच्या बायकोचा दर्जा "सहायक मिशनरी" असा असे. तिला वेगळा पगार नव्हता. घर, मुलं, आजारपणं सांभाळून ती जे करेल ते नवऱ्याच्या कामात जमा.

याच्या उलट सिंथिया फरार बघ. त्या अविवाहित होत्या. १८२७ला मुंबईत आल्या, १८३९ला नगरला, आणि १८६२ला नगरातच वारल्या. त्यांनी चालवलेली मुलींची शाळा पाहून जोतीरावांना मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा मिळाली, हे आपण सगळे वाचतो. फरार बाईंचं नाव टिकलं याचं श्रेय त्यांच्या कामाला आहेच, पण ते नाव त्यांचं स्वतःचं होतं हेही कारण आहे. तितकंच काम करणाऱ्या विवाहित बायका नवऱ्याच्या नावाखाली दिसेनाशा झाल्या. स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन १८२९ला मुंबईत आल्या, मराठी शिकल्या, मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ला गेल्या. आज कॉलेजच्या पाटीवर विल्सन हे नाव वाचताना आपल्या डोळ्यांसमोर डॉ. जॉन विल्सनच येतात.

वयस्कर जोडप्यांचं म्हणशील तर नगरचे रॉबर्ट ह्यूम आणि कॅटी ह्यूम यांच्यापासून सुरुवात कर. रॉबर्ट १८४७ला मुंबईतच जन्मले, मिशनऱ्याचेच चिरंजीव. अमेरिकेत शिकून १८७४ला परत आले आणि १९२६पर्यंत राहिले. म्हणजे जवळजवळ ऐंशीव्या वर्षापर्यंत. १८७८ला त्यांनी नगरला धर्मशिक्षणाची शाळा काढली आणि १८९९-१९००च्या दुष्काळातल्या कामासाठी त्यांना ब्रिटिश सरकारचं कैसर-ए-हिंद पदक मिळालं. कॅटी त्यांच्या दुसऱ्या पत्नी, १८८७ला लग्न झालं. त्या नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याचे मिशनरी सॅम्युअल फेअरबँक यांच्या कन्या. हे फेअरबँक पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते. दक्षिणेतल्या पळणी डोंगरात सापडणाऱ्या एका कस्तुरासारख्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही फेअरबँक आहे. कॅटी लग्नाआधी नगरच्या मुलींच्या शाळेत शिकवत होत्या. आता विचार कर : दुष्काळात अनाथ मुलांचे थवे कंपाउंडात आले, पदक एका नावाने आलं. त्या मुलांना कुठे झोपवायचं, कुणाला आधी पेज द्यायची, कुणाच्या अंगावर देवीचे व्रण आहेत, हे बघणारे हात कुणाचे असतील? पदकाबद्दल माझी तक्रार नाही. पण तू इतिहास लिहायला बसशील तेव्हा तो दुसरा हात शोधावा, एवढंच माझं मागणं आहे.

कुठे शोधायचा? मुख्य अहवालांत नाही. १८६८ला बोस्टनमध्ये काँग्रिगेशनल पंथाच्या मंडळ्यांतल्या बायकांनी स्वतःचं मंडळ काढलं आणि त्यानंतर बायकांची पत्रं बायकांना जाऊ लागली. त्या पत्रांत शिवणाच्या वर्गापासून बाळंतपणापर्यंत सगळं असतं. मंडळाचे मूळ कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. मराठीत १८४२ला नगरला निघालेल्या ज्ञानोदयाचे जुने अंक बघ, विशेषतः मृत्युलेख आणि शाळांच्या वार्षिक सभांच्या बातम्या. आणखी एक वाट आहे, ती मात्र लवकर बंद होईल. बायबलबाया म्हणून ज्या मराठी स्त्रिया मडमसाहेबांबरोबर गावोगाव फिरत, त्यांच्या नाती-पणती अजून नगर, सोलापूर, सातारा, वाईला आहेत. माझी आजी अशीच एक. मडमसाहेबांचं नाव निदान "मिसेस" म्हणून तरी छापलं गेलं, माझ्या आजीचं तेवढंही नाही. तुझ्या प्रबंधात या बायकांना एक प्रकरण दे.

मराठी जोडप्यातलं उदाहरण हवं असेल तर टिळकांचं घर आहेच. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ला, लक्ष्मीबाईंचा १९००ला. १९१७ला टिळकांनी मिशनचा पगार सोडला. पगार सोडायचा निर्णय नवऱ्याचा आणि चूल चालवायची बायकोने, हे लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं. ज्यांनी लिहून ठेवलं नाही त्यांच्यासाठी तुला कष्ट करावे लागतील.

प्रश्न : तुम्ही "सेवा", "सेवा" म्हणता. हे लोक धर्मांतर करायलाच आले होते, हे का सांगत नाही? (एक वाचक, लातूर)

उत्तर : सांगते. आपल्या धर्माचा प्रचार करायला आले होते. त्यांनी ते कधी लपवलं नाही, मीही लपवत नाही. माझ्या पणजोबांनी त्यातूनच हा धर्म स्वीकारला.

शाळेत मला "दुष्काळातले ख्रिस्ती" म्हणून चिडवलेलं आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नामागचं मला कळतं. उपाशी माणसाच्या हातात भाकरी देताना देणाऱ्याने त्याच्या धर्माचा विषय काढू नये, असं माझं ठाम मत आहे. मिशनच्या इतिहासात सगळीकडे हे पाळलं गेलं असं मी म्हणणार नाही. पण महार-मांगवाड्यातल्या ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याने कंपाउंडातल्या विहिरीवर पाणी भरलं आणि पुढे तिथल्या देवाचं नाव घेतलं, तर त्याला कुणी विकत घेतलं म्हणणं हाही त्याचा अपमानच आहे. त्याने डोळे उघडे ठेवून निवड केली असेल, हे मान्य करायला काय हरकत आहे?

आमच्या मडमसाहेबांच्या व्हरांड्यात येणारी निम्म्याहून जास्त माणसं ख्रिस्ती नव्हती आणि पुढेही झाली नाहीत. मलम सगळ्यांना तेच मिळायचं. प्रार्थना कुणी मागितली तर त्या करत, नाही मागितली तर पुढच्याला हाक मारत. हे मी रोज पाहिलेलं आहे.

प्रश्न : मी मूळची नागपूरची, सध्या लेकीकडे सॉल्ट लेक सिटीला आले आहे. शेजारचे आजी-आजोबा, दोघंही साठीच्या पुढचे, घर भाड्याने देऊन दीड वर्षासाठी परदेशी "मिशनवर" निघालेत. कोटाला नावाची काळी पट्टी लावतात. हे काय असतं? आणि खर्च कोण करतं? (सध्या मुक्काम अमेरिका)

उत्तर : ती पट्टी मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चर्चची, त्यांचं मुख्यालय तुमच्याच गावात आहे. रस्त्यावर जोडीने फिरणारे पांढऱ्या शर्टातले तरुण तुम्ही पाहिले असतील, तेही त्यांचेच. वयस्कर जोडप्यांसाठी त्यांची वेगळी व्यवस्था आहे : सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत जाता येतं आणि खर्च मुख्यतः जोडप्याने स्वतः करायचा. तरुणांसारखं दारोदार फिरण्याचं बंधन त्यांच्यावर नसतं. कार्यालयाचं काम, मदतकार्य, जुन्या वंशावळींच्या नोंदी जपणं, लहान मंडळ्यांना हातभार लावणं अशी कामं त्यांना देतात.

त्यांची आणि आमची शिकवण अनेक बाबतींत वेगळी आहे, पण त्यांच्या या व्यवस्थेतली एक गोष्ट मला फार पटते : परतीची तारीख आधीच ठरलेली असते. घरच्यांना ती माहीत असते, जाणाऱ्यांना माहीत असते आणि जिथे जायचं तिथल्यांनाही. वरच्या पुण्याच्या ताईंनी हे लक्षात घ्यावं.

प्रश्न : माझे आजोबा मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते. एका अमेरिकन जोडप्याने परत गेल्यावर त्यांना पाठवलेली वीस-बावीस पत्रं घरात सापडली, इंग्रजीत, शाई पुसट झालेली. ही माणसं म्हातारपणी कुठे जात असत? आणि या पत्रांचं मी काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : काहींना म्हातारपण आलंच नाही. गॉर्डन हॉल १८२६ला नाशिककडे दौऱ्यावर असताना पटकीने गेले. जे टिकले त्यांच्यातले काही इथेच राहिले. डॉ. जॉन विल्सन १८७५ला मुंबईतच वारले. बाकीचे परतले. तुमच्या मिरजेचे डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ला भारतात आले, १८९४ला हॉस्पिटल उभं केलं, १८९७ला वैद्यकीय शाळा सुरू केली. १९२८ला त्यांना "सर" हा किताब मिळाला, त्याच सुमारास ते निवृत्त झाले आणि १९३३ला कॅलिफोर्नियात त्यांचा अंत झाला. त्याच कॅलिफोर्नियात क्लेरमाँट गावी १९१५पासून मिशनऱ्यांसाठी आणि चर्चच्या सेवकांसाठी निवृत्तांची एक वसाहतच आहे. इथे चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला तिकडे स्वतःचं घर नसायचं, म्हणून अशा जागा लागल्या.

त्यांच्या मुलांचं दुःख वेगळंच. १९०१ला कोडाईकॅनलला मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली, आणि इथली पोरं लहान वयात आईबापांना सोडून दोन-तीन दिवसांच्या रेल्वेप्रवासाने तिकडे जायची. वेंगुर्ल्याच्या मिशन हॉस्पिटलातल्या डॉ. गोहीन दांपत्याचा मुलगा रॉबर्ट १९१९ला वेंगुर्ल्यातच जन्मला, तोही कोडाईला शिकला. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० भारतात अमेरिकेचा राजदूत होता. आमच्या मडमसाहेबांचा मुलगा कुणी मोठा झाला नाही, पण पोस्टमन आला की त्या व्हरांड्यातून उठून फाटकापर्यंत जायच्या. एरवी त्या कुणासाठी औषधाची पेटी उघडी टाकून उठत नसत.

परत गेल्यावर त्यांची पत्रं आमच्याही घरी यायची. विहिरीला पाणी किती, अमकीचं लग्न झालं का, नवीन पाळक कसे आहेत. तुमच्या पत्रांतही बहुधा असंच काहीबाही असेल. घरगुती म्हणून ती फेकू नका. संभाजीनगरच्या विद्यार्थिनीला जे अहवालांत मिळत नाही ते अशाच पत्रांत असतं.

पत्रांना सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका, त्याने कागद कायमचा जातो. टाचण्या, क्लिपा गंजलेल्या असतील तर हलक्या हाताने काढा. घड्या उघडून, पत्रं सपाट ठेवून, सावलीच्या उजेडात प्रत्येक पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. पुसट शाई फोटो मोठा करून वाचली तर बरीचशी लागते. पाकिटं टाकू नका. तारीख आणि गाव अनेकदा पोस्टाच्या शिक्क्यावरच असतं. मूळ पत्रं कोऱ्या पांढऱ्या कागदात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. आणि पत्रांत ज्या इथल्या माणसांची नावं आली असतील ती कोण होती, हे घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला याच महिन्यात विचारून एका वहीत लिहून घ्या. इंग्रजी लागत नसेल तर फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी वाचून मराठीत उतरवून देईन.